आत्याचा डावा पाय

थोरलीने घोडीच्या डाव्या पुढच्या पायाभोवती दोन्ही तळवे लपेटले आणि डोळे मिटले. गुडघ्याखालून ती सावकाश खाली उतरली, नळीवरून, मागच्या शिरेवरून, थेट खुराच्या कडेपर्यंत. मग उजव्या पायावरून तसेच हात फिरवले. मग पुन्हा डावा.

"गरम लागतोय?" तबेल्याच्या अर्ध्या दारावर हनुवटी टेकवून खिळ्याने विचारलं.

"नाही."

"सूज?"

"नाही रे. माझ्या हातापेक्षा गार आहे."

"मग सोड ना बिचारीला. सकाळपासून किती वेळा पाय धरशील? एवढे तर तू आईचेही धरले नाहीस."

थोरली हसली नाही. गव्हाणीच्या कठड्याला हात देऊन ती उठली, आणि ती पुरती उभी राहीपर्यंत घोडी मान वळवून तिच्याकडे बघत राहिली.

खिळ्या तिचा धाकटा भाऊ, धंद्याने नालबंद. नाल ठोकताना तोंडात खिळे धरून बोलायची त्याला अशी खोड, की खिळे नसतानाही तो ओठांच्या कोपऱ्यातूनच बोले. नाव तिथून पडलं. घोड्याच्या पायातलं त्याला कळायचं, पाठीवरचं थोरलीला. दोघांचं मिळून एक घोडं चालतं, असं त्यांचे वडील म्हणायचे, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

आता ते एक घोडं म्हणजे आत्या. काळसर तपकिरी, लांब कानांची, नाकावर माशी बसू न देणारी घोडी. तबेल्यात पहिलं पाऊल टाकताच तिने झाडू, बादली, गवताचे भारे आणि माणसं यांच्याकडे एकामागून एक असं पाहिलं, की घरात शिरल्या शिरल्या "हे इथे कुणी ठेवलं?" विचारणारी आत्याच सगळ्यांना आठवली. आधीच्या दोन तबेल्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते. तिथल्या एका माणसाच्या खांद्याचा लचका तोडला होता तिने. इथे तिने फक्त थोरलीला जवळ येऊ दिलं. खिळ्याकडून ती नाल ठोकून घ्यायची, तेही उपकार केल्यासारखी, पण त्याने दोर धरला की चारही पाय जमिनीत पुरून उभी राहायची. ओढा, चुचकारा, गाजर दाखवा. गाजर खायची आणि तिथेच उभी राहायची.

थोरलीने तिला घडवलं. वर्षं गेली त्यात. तीन दिवसांच्या स्पर्धेचा घोडा घडवणं म्हणजे एकाच जनावराला तीन स्वभाव शिकवणं. पहिल्या दिवशी आखलेल्या चौकात, पंचांसमोर, कान हलला तरी दिसेल इतक्या शिस्तीत चालायचं. दुसऱ्या दिवशी तीच घोडी माळावर सोडायची. ओंडके, चर, बांध, पाणी, जे आडवं येईल त्यावरून भरधाव. आणि तिसऱ्या दिवशी, अंग आंबलेलं असताना, मैदानात हलक्या दांड्यांवरून अशी उडी मारायची की दांडी पडता कामा नये. तिसऱ्या दिवशीच्या सकाळी तपासणी असते. घोड्याला हातात धरून कडक वाटेवर दुडक्या चालीने पळवत न्यायचं आणि आणायचं. पंच आणि डॉक्टर बघतात. घोडा लंगडला, तर आधीचे दोन दिवस मातीत.

थोरलीची झोप उडवली होती ती याच तपासणीने. कारण गेले कित्येक महिने आत्या लंगडत होती, आणि का लंगडते ते देवालाही ठाऊक नव्हतं.

पाठीवर बसलं की लंगडत नसे. लांब दोरीवर गोल फिरवलं तरी नाही. पण थोरलीने शेजारून धावत कडक वाटेवर नेलं, की डावा पुढचा पाय आखूड पडायचा, डोकं वर उचललं जायचं. रोज नाही. कधी दिसे, कधी नसे. नेहमीच्या डॉक्टरांनी हाडांचे फोटो काढले, पाय वाकवून पाहिले, खूर चिमट्याने दाबून पाहिला, आणि शेवटी "असतं एखादं चोरटं दुखणं" म्हणून चष्मा पुसत निघून गेले. खिळ्याने नाल बदलली, पुन्हा बदलली, खुराखाली कातडं घालून पाहिलं, सरावानंतर पायाला बर्फ बांधला. दर आठवड्याला तबेल्यामागच्या फरसबंद गल्लीत थोरली घोडी पळवायची आणि खिळ्या उकिडवा बसून, डोळ्यांत तेल घालून तो पाय बघायचा. घोड्याच्या धंद्यातली जुनी रीत आहे ही. ज्याच्या हाताला घोडा तो पळवतो, ज्याला पायातलं कळतं तो खाली बघतो.

दुसरी एक खोड आत्याला त्याच सुमारास लागली होती. उडी मारताना ती हवेत डावीकडे सरकायची. थोडीशीच, पण सरळ निघालेली घोडी अडथळ्यापलीकडे हातभर डावीकडे उतरायची. थोरलीने तिला किती समजावलं, किती रागावली, उजवा लगाम किती खेचला, जमिनीवर दांड्या मांडून किती सराव करून घेतला. "सरळ गं बये, सरळ!" तबेल्यात पोपट असता तर हे वाक्य त्यालाही पाठ झालं असतं.

हे सगळं सुरू व्हायच्या आधी एकदा सरावात दोघी पडल्या होत्या. ओल्या उतारावर आत्याचा पाय घसरला, आणि घोडी एकीकडे, बाई एकीकडे. दोघी उठल्या. डॉक्टर आले, त्यांनी आत्याला नखशिखांत तपासलं, काही नाही म्हणाले. थोरलीला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, मुका मार आहे.

"पुढच्या वर्षी बघू," खिळ्या एकदा म्हणाला होता. "या वर्षी राहू दे ही स्पर्धा."

"पुढच्या वर्षी ती इतकं धावेल असं छातीवर हात ठेवून सांग."

त्याने छातीवर हात ठेवला नाही. आत्या घोड्यांच्या हिशेबात आता खरोखर आत्याच्या वयाची झाली होती. हीच एक संधी होती, आणि ती त्या एका पायावर उभी होती.

पहिल्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं. चौकात आत्या अशी चालली, की एका पंचाने लिहिणं थांबवून नुसतं पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी माळावर जे झालं ते खिळ्याने पाण्याच्या अडथळ्यापाशी उभं राहून डोळ्यांनी पाहिलं म्हणून त्याचा विश्वास बसला. कुणी सांगितलं असतं तर त्याने हसण्यावारी नेलं असतं.

तिथे उंच बांधावरून थेट तळ्यात उडी होती. आत्याच्या आधी तीन घोडे तिथे बिचकले होते. आधी टापांचा आवाज आला, मग झुडपांआडून आत्या. कान पुढे, मान सैल, वेग तसाच. तिने पाण्याकडे पाहिलं, आणि खिळ्याला वाटलं की आता म्हणणार, हे इथे कुणी ठेवलं? पण ती उडाली. हवेत असतानाच थोरलीचं अंग डावीकडे कललं. उजवा पाय रिकिबीतून सुटला. ती पडतेय हे खिळ्याला दिसलं. आणि त्याच क्षणी, टेकायला जमीन नसताना, हवेतल्या हवेत घोडी तिच्याखाली सरकली. नुसतं अंग वळवून, पाठ पुढे करून. पडणाऱ्या मुलाखाली आईने पदर पसरावा तशी. दोघी पाण्यात उतरल्या त्या एकत्र, आणि थोरली खोगिरात होती.

शेजारी उभा असलेला एक म्हातारा गृहस्थ हातातला चहा सांडून म्हणाला, "अहो, हे काय होतं?"

 खिळ्याचे डोळे भरून आले होते आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

दौड संपवून आल्यावर थोरली घामाने, चिखलाने माखलेली, पण चेहरा उजळलेला. "पुन्हा डावीकडे सरकली बघ," ती म्हणाली. "नशीब, या वेळी पथ्यावर पडलं. नाहीतर गेले होते मी."

"पाय बघू."

तिने स्वतःचा पाय मागे घेतला. पण खिळ्या केव्हाच घोडीच्या पायाशी बसला होता.

ती संध्याकाळ बर्फात गेली. बर्फाचे खिसे असलेली पट्टी आत्याच्या डाव्या पायाला बांधायची, थोड्या वेळाने सोडायची, तिला फिरवायची, पुन्हा बांधायची. थोरली गवताच्या भाऱ्यावर बसून राहिली. "डोकं चढलंय जरा," म्हणून तिने एक गोळी घेतली. आत्याने तोंडातलं गवत तिच्या डोक्यावर सांडलं.

सकाळी तपासणीची वाट दोन्हीकडून दोर बांधून तयार होती. थोरलीने घोडीला आरशासारखं चमकवलं होतं, खुरांना तेल लावलं होतं. तिची पाळी आली. पंचांपुढे ती घोडी घेऊन उभी राहिली, मान खाली घालून नमस्कार केला, आणि "पळवा" म्हटल्यावर निघाली.

खिळ्याने दोराला धरलेला हात आवळला. पहिली चार पावलं ठीक. मग डावा पाय आखूड. डोकं वर. पुन्हा आखूड. वळून येताना तर कुणालाही दिसावं इतकं.

पंच आपसात बोलले. डॉक्टर बाईंनी हात वर केला. "बाजूला घ्या. बघू या."

वाटेच्या तोंडाशीच असलेल्या आवारात डॉक्टर बाई घोडीपाशी बराच वेळ होत्या. घाई नाही, उगाच बोलणं नाही. पाय वाकवला, सांधे दाबले, खूर चिमट्याने चारी बाजूंनी तपासला. आत्याने त्यांनाही तो नेहमीचा कटाक्ष टाकला, पण हूं की चूं केलं नाही.

"दुखतंय असं काहीच सापडत नाही," त्या म्हणाल्या. "पण लंगडते हे मी पाहिलंय. इथेच परत एकदा पळवा माझ्यासमोर. मग ठरवू."

थोरलीने दोर धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चल गं," ती घोडीच्या कानात म्हणाली, "एवढं एकदा."

आणि खिळ्याला बघवेना. इतकी वर्षं या पायांकडे बघून पोट भरलं त्याने, पण हे बघणं त्याच्याच्याने होईना. त्याने पाठ फिरवली, कुंपणाच्या खांबावर कपाळ टेकलं, डोळे घट्ट मिटले.

त्यामुळे या खेपेला त्याला फक्त ऐकू आलं.

घोडीच्या टापा आल्या. एक जड, एक हलकी, एक जड, एक हलकी. हलकी म्हणजे तो डावा पाय. ठरलं तर. संपलं. आणि त्या टापांच्या आत, त्यांना अगदी चिकटून, आणखी एक आवाज होता. बुटांचा. एक जड, एक हलका. एक जड, एक हलका.

खिळ्याने कपाळ खांबावरून उचललं नाही. तो श्वास रोखून ऐकत राहिला. वळताना बुटांचा ठेका चुकला, थबकला, आणि टापांचाही चुकला. बूट सावरले. त्यांच्यामागून, अगदी एका पावलाच्या अंतराने, टापा सावरल्या.

तो वळला. आयुष्यात पहिल्यांदा तो पळणाऱ्या घोड्याच्या पायांकडे न बघता पळवणाऱ्या माणसाच्या पायांकडे बघत होता. थोरलीचा उजवा पाय जमिनीला लागला न लागला तोच उचलला जात होता. आणि त्याच्या शेजारी, बरोबर त्याच वेळी, घोडीचा डावा.

"अगं आई गं," खिळ्या पुटपुटला. ओठांच्या कोपऱ्यातून नव्हे, सबंध तोंडाने.

तो धावत डॉक्टर बाईंकडे गेला. "घोडी मी पळवू का? चालेल?"

"पंचांना विचारावं लागेल," त्या म्हणाल्या. "पण का?"

"एकदाच बघा. मग काय ते ठरवा."

त्याने बहिणीच्या हातातून दोर घेतला.

"वेडा आहेस का?" थोरली म्हणाली. "तुझ्याबरोबर ती पाऊल टाकते का कधी? तिथेच खुंटा होऊन उभी राहील. सगळ्यांसमोर शोभा."

"तू वाटेच्या त्या टोकाला जाऊन उभी राहा."

"कशाला?"

"ताई, नको ना विचारू. जा."

त्याने कधी असं विनवल्याचं तिला आठवेना. ती निघाली. डॉक्टर बाई पंचांशी बोलून परत आल्या आणि वाटेवरून एकटी चालत जाणाऱ्या थोरलीकडे त्यांची नजर गेली. ती नजर खाली उतरली, बुटांपाशी थांबली, आणि तिथेच राहिली. मग त्यांनी घोडीकडे पाहिलं. नंतर पुन्हा बुटांकडे.  मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पळवा," पंच म्हणाले.

आत्या हलली नाही. खिळ्याने मान खाली घातली. "आत्याबाई," तो हलकेच म्हणाला, "माझ्यासाठी नको. ती बघा कोण उभी आहे."

घोडीने कान पुढे केले. वाटेच्या टोकाला थोरली उभी होती, एका खांबाला टेकून, दोन्ही हात तोंडावर धरून. आत्याने एक खोल फुरका सोडला, आणि निघाली.

टप टप टप टप. सगळी पावलं एका मापाची. डोकं स्थिर, मान ऐटीत, डावा पाय उजव्याइतकाच लांब. खिळ्याला तिच्याबरोबर धावताना धाप लागली. ती खिळ्याशी जुळवून घेत नव्हती. त्याला ती आपली नुसती ओढून नेत होती. थोरलीपाशी पोचल्यावर ती आपणहून थांबली आणि तिचं नाक थोरलीच्या खिशात शिरलं.

"पास," पंचांचा आवाज आला. दोरामागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

थोरली हसत होती, रडत होती, घोडीच्या मानेला मिठी मारत होती. "बरी झाली! खिळ्या, बरी झाली रे! रात्रीच्या बर्फाने उतरलं बघ!"

खिळ्याने दोर तिच्या हातात दिला. "तबेल्यापर्यंत तूच ने. आणि तिच्या पायाकडे बघू नकोस. नुसतं ऐक."

"काय ऐकू?"

"चाल ना तू."

ती चालू लागली. फरसबंद वाट होती, सकाळ शांत होती. खिळ्या चार हात मागे राहिला. थोडं अंतर गेल्यावर थोरलीची मान जराशी कलली, कुणी हाक मारली की काय असं वाटल्यावर कलते तशी. ती थांबली. घोडी थांबली.

मग तिने दात आवळले आणि दोन्ही पाय सारखे टाकत, ताठ, चालून पाहिलं. कळ खुब्यातून पार मणक्यापर्यंत गेली असणार, कारण मागूनही तिचे खांदे वर आलेले दिसले. घोडी तिच्याशेजारी सरळ, ऐटीत चालली. थोरलीने श्वास सोडला आणि पाय जसा पडतो तसा पडू दिला. आणि घोडीचं डावं पाऊल, अगदी अलगद, आखूड झालं.

ती पुन्हा थांबली. वळली नाही.

"खिळ्या."

"हं."

"कधीपासून करतेय ही हे?"

"आपण बर्फ बांधायला लागलो तेव्हापासून."

थोरलीने घोडीच्या खांद्यावर हात ठेवला. केवढं ते जनावर, केवढी ताकद. मनात आणलं असतं तर तिने एका हिसड्यात दोर तोडून माळ गाठला असता. आणि ती इतके महिने, कुणी शिकवलं नसताना, कुणी मागितलं नसताना, दुखऱ्या माणसाच्या पावलाला पाऊल देत चालली होती. त्याबद्दल तिला काय मिळालं? चिमटे, सुया, कडू औषधं, नाल उपटून पुन्हा ठोकणं. तिने सगळं सोसलं. थोरलीला गुडघे टेकावेसे वाटले. गुडघा वाकला असता तर टेकलेही असते.

"काखेत कळसा," खिळ्या मागून म्हणाला.  "आणि आपण सगळं गाव पालथं घातलं."

"आणि ते डावीकडे सरकणं," थोरली म्हणाली.  तळ्यावरची ती उडी दोघांच्याही डोळ्यांपुढे आली होती. मग तिने घोडीच्या आयाळीत तोंड लपवलं. "मी हिला रागावले रे. दर उडीला रागावले."

आत्या दूर कुठेतरी बघत उभी होती, ओठ लोंबते, कान आडवे. एकूण हा सगळा गलका तिला पसंत नव्हता.

दुपारी थोरली मैदानात उतरली. जाण्याआधी खिळ्याने एकदाच विचारलं, "झेपेल?"

"आज झेपेल. उद्यापासून माझंही फोटोबिटो काय ते काढू. आणि डॉक्टर नाही म्हणाले तर नाही."

हे ती किती सहज म्हणाली याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

घंटा झाली. पहिल्या दांडीवर आत्या डावीकडे सरकली. थोरलीचा उजवा हात सवयीने आवळला, आणि सुटला. दुसऱ्या दांडीपासून तिने लगाम सैल धरला. घोडी सरकली की तीही तिच्याबरोबर सरकली. तिला जिथे उतरायचं तिथे उतरू दिलं, जसं वळायचं तसं वळू दिलं. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला ते जाणवलं. दर उडीत, खोगीर सुटतं की काय असं वाटायच्या आधीच, खालून ती रुंद, ऊबदार पाठ वर यायची आणि तिला झेलायची. प्रत्येक वेळी. ती मोठ्याने हसायला लागली. दोराबाहेरच्या लोकांना कळेना की ही बाई उड्या मारता मारता हसते कशाला. शेवटच्या दांडीला आत्याची मागची टाप लागली आणि दांडी खणकन खाली पडली. त्यामुळे नंबर गेला. थोरलीने वळून त्या दांडीकडे पाहिलंसुद्धा नाही. घोडी थांबवली, पुढे वाकली आणि तिच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. काय बोलली ते तिने कुणाला सांगितलं नाही.

तबेल्यात खिळ्या बर्फाची पट्टी तयार ठेवून बसला होता. हाताला सवय झालेली. आत्याला आत बांधून थोरली गवताच्या भाऱ्यावर टेकली आणि तिने पहिल्यांदाच, कुणापासून न लपवता, दोन्ही हातांनी आपला पाय उचलून समोर सरळ केला.

खिळ्या घोडीच्या डाव्या पायाशी वाकला होता. वाकलेला तसाच थांबला. मग उठला, पट्टी घेऊन बहिणीसमोर येऊन उकिडवा बसला, आणि तिच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे बघत राहिला. आसपासच्या कुठल्याही घोड्याचा कुठला पाय कधी दुखावला होता ते तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता.

"कुठला?" त्याने विचारलं. खाली बघतच.

"उजवा. वर, खुब्यात."

त्याने बर्फ नीट बसवला, पट्टी कमरेभोवती घेतली आणि घोड्याला बांधतो तितक्याच जपून, फार घट्ट नाही, फार सैल नाही, अशी बांधली. अर्ध्या दारावरून आत्याची मान बाहेर आली. तिने पट्टी हुंगली, मग खिळ्याचं डोकं.

"खूप दुखतं, ताई?"

थोरलीने घोडीचं नाक दोन्ही हातांत धरलं आणि त्यावर कपाळ टेकलं.

"हिला विचार," ती म्हणाली.